दहा किलोंत मावणारा खर्ज

लग्नसराई, भीमजयंती, गणपती, नवरात्र आणि मग कॉलेजांची गॅदरिंग. मराठवाड्यातल्या ऑर्केस्ट्राचं वर्ष असं ठरलेलं असतं. नांदेडहून निघालेला टेम्पो राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरतो आणि लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकत लातूर गाठतो. पाठीमागे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, काँगो, मिक्सर आणि वायरींच्या पेट्या खचाखच भरलेल्या असतात. त्यात बेस गिटारवाला आपला अ‍ॅम्प घेऊन आला की जागेवरून कुरबुर ठरलेलीच. गिटार खांद्याला अडकवता येते, अ‍ॅम्पला दोन माणसं लागतात.

बऱ्याच पार्ट्यांनी यातून केव्हाच वाट काढली आहे. बेस गिटार न्यायचीच नाही, कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने खर्ज सांभाळायचा. भीमगीतांच्या आणि लोकगीतांच्या बहुतेक मंचांवर आज खर्ज असाच येतो. तरीही जुन्या हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, चर्चमधले वादक, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी पाश्चात्त्य समूहगान बसवणारी कॉलेजची पोरं, यांना बोटाने तार छेडून निघालेलाच खर्ज हवा असतो. दुकानात गेल्यावर त्यांच्या मागण्या दोन. अ‍ॅम्प उचलायला हलका हवा आणि आवाज ‘वॉर्म’ हवा, म्हणजे गोल, भरदार, कानाला न टोचणारा. कित्येक वर्षं या दोन मागण्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. आता त्या एका खोक्यात नांदू शकतात. कोणत्या खोक्यात, हे मात्र वॅटचा आकडा बघून कळत नाही.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, तोवर खर्ज म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. नवी गिटार सुटसुटीत होती, पण विजेशिवाय तिचा आवाज दहा फुटांवरही पोचत नव्हता. म्हणून १९५२ मध्ये फेंडरने ‘बेसमन’ अ‍ॅम्प काढला. त्यात १५ इंची एक स्पीकर होता आणि ताकद जेमतेम २६ वॅट. १९६० साली अँपेग कंपनीचा ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ आला. त्याचं व्हॉल्व्हचं यंत्र खोक्याच्या झाकणाला जोडलेलं होतं. वाजवताना झाकण उलटं करून यंत्र वर आणायचं, प्रवासात तेच आत मिटून ठेवायचं. ताकद २५ वॅट, स्पीकर पुन्हा पंधराचा एकच. वॉर्म आवाजाचा विषय निघाला की जगभरचे बेसवादक आजही बी-१५ चं नाव आधी घेतात.

मग श्रोते सभागृहांतून मैदानांत गेले. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्याच्या वेळी अँपेगने ‘एसव्हीटी’ पुढे आणला. १४ व्हॉल्व्ह आणि ३०० वॅट, तेव्हाच्या मानाने अचाट ताकद. त्याच घराण्यातल्या आजच्या एसव्हीटी-सीएलचं हेड, म्हणजे फक्त अ‍ॅम्प, सुमारे ३६ किलोंचं आहे. त्याखाली ठेवायचं दहाच्या आठ स्पीकरांचं कॅबिनेट आणखी साडेत्रेसष्ट किलोंचं. रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. नांदेड-पनवेल एक्स्प्रेसने लातूरमार्गे पुण्याला निघालेले दोन वादक आपापल्या वाट्याचे किलो एकत्र करूनही हा संच मोफत नेऊ शकणार नाहीत.

एवढं वजन तीन गोष्टींचं असतं. पहिली म्हणजे लोखंडाचे ट्रान्सफॉर्मर, दुसरी स्पीकरमागचे फेराइटचे लोहचुंबक आणि तिसरी जाड लाकूड. या तिन्हींमुळेच आवाज भरदार होतो, अशी समजूत वादकांत खोल रुजली आहे. तिच्यात कितपत तथ्य आहे ते बघायचं तर वॉर्म आवाज कानाला कसा जाणवतो, तिथून सुरुवात करावी लागते.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. त्यावरून वाटतं की हे ४१ हर्ट्झ जो अ‍ॅम्प दणक्यात देईल तोच वॉर्म. एसव्हीटीच्या त्या अजस्र कॅबिनेटचं माहितीपत्रक मात्र वेगळं सांगतं. कंपनीच्याच आकड्यांनुसार ५८ हर्ट्झला त्याचा आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि ४० हर्ट्झला तब्बल १० डेसिबलने. वरच्या अंगाला त्याची धाव ५ किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे ज्या कॅबिनेटच्या आवाजावर तीन पिढ्या फिदा झाल्या, ते सर्वांत खालचा स्वर पुरता देतच नाही आणि वरची चमकही देत नाही.

राहिलेला हिशेब कान पुरा करतो. ४१ हर्ट्झच्या स्वराबरोबर ८२, १२४, १६५ हर्ट्झचे उपस्वरही वाजत असतात. मूळ स्वर अशक्त असला तरी उपस्वरांमधल्या सारख्या अंतरावरून मेंदू तो ओळखतो. मुंबईच्या स्टुडिओंत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. ती गाणी मराठवाड्यातल्या घरांनी ऐकली ती मुख्यतः रेडिओवर, मध्यम लहरींवर. तिथे ध्वनीचा वरचा पल्ला साडेचार-पाच किलोहर्ट्झलाच संपे आणि घरगुती रेडिओच्या स्पीकरला ४१ हर्ट्झ काढणं झेपण्यासारखं नव्हतं. तरी त्या गाण्यांतला खर्ज कुणाला हरवल्यासारखा वाटला नाही. उलट तोच गोल, मऊ खर्ज कानात बसला आणि आज ऑर्केस्ट्रात तीच गाणी वाजवताना वादक आणि श्रोते दोघेही त्याचीच अपेक्षा धरतात.

थोडक्यात, वॉर्म आवाजाचा मुक्काम साधारण ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. ४-५ किलोहर्ट्झच्या वर आवाज उतरत जातो, त्यामुळे बोटांची खरखर आणि तारेचा पडद्यावरचा ‘टक्’ मागे राहतो. तिसरी गोष्ट व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हवर जास्त भार टाकला की तो आवाजाचा माथा एकदम छाटत नाही, हळूहळू दाबत जातो आणि मूळ स्वरात उपस्वरांची भर घालतो. जोरात छेडलेला आणि हळू छेडलेला स्वर त्यामुळे एकमेकांच्या जवळ येतात. या तिन्हींपैकी एकाही गोष्टीला वजन मुळातच लागतं असं नाही. लागत होतं, कारण साठ वर्षांपूर्वी दुसरा मार्ग नव्हता.

तो मार्ग इलेक्ट्रॉनिक्सने काढून दिला. जुन्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर घरात येणाऱ्या विजेच्या चालीने चालतो, सेकंदाला ५० आवर्तनं. टाकी घागरीने भरा किंवा तांब्याने, पाणी तेवढंच पडतं, तांब्याच्या खेपा तेवढ्या जास्त होतात. ‘स्विच मोड’ वीजपुरवठ्यात हेच घडतं. वीज आधी एकदिश करून सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद केली जाते, त्यामुळे प्रत्येक खेपेला थोडीशीच ऊर्जा वाहावी लागते आणि किलोंचा ट्रान्सफॉर्मर तळहातावर मावेल एवढा होतो. मोबाइलचा चार्जर खिशात मावतो तो याच युक्तीमुळे.

दुसरी पायरी ‘क्लास डी’ची. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात आणि बरीचशी वीज उष्णतेत जाते. क्लास डीमध्ये ते एकतर पूर्ण उघडे नाहीतर पूर्ण बंद असतात. सेकंदाला काही लाख वेळा होणाऱ्या या उघडझापीतून पुढची गाळणी मूळ आवाज वेगळा काढते. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात जाते, म्हणून उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाडजूड पात्यांची गरज उरत नाही. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या शेडखाली वाजवणाऱ्याला हा फायदा वजनाइतकाच मोलाचा वाटेल.

तिसरी पायरी लोहचुंबकाची. निओडिमियम-लोह-बोरॉन हा चुंबक जपानच्या सुमितोमोमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधला आणि १९८३ मध्ये तो जगापुढे आला. फेराइटच्या मानाने त्याची ताकद कितीतरी पट, त्यामुळे एकेका स्पीकरमागे काही किलो वाचतात. मात्र हा धातू चीनच्या निर्यातधोरणावर हेलकावे खातो. २०११ मध्ये त्याचे भाव भडकले तेव्हा स्पीकर बनवणाऱ्यांची चांगलीच पळापळ झाली होती. हलकं कॅबिनेट महाग असण्याचं मोठं कारण हेच.

या तिन्ही गोष्टी जमून आल्यावर आकडे बदलले. अमेरिकेच्या अ‍ॅग्विलार कंपनीचा ‘टोन हॅमर ५००’ पावणेदोन-दोन किलोंचा आहे. त्याच कंपनीचं ‘एसएल ११२’ हे बाराच्या एका निओडिमियम स्पीकरचं कॅबिनेट ११ किलोंच्या आसपास. फेंडरचा ‘रंबल १००’ हा बाराच्या स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, १० किलोंचा. दहाच्या स्पीकरचा ‘रंबल ४०’ आठ किलोंच्या थोडासा वर. इटलीच्या मार्कबेसचा ‘सीएमडी १२१पी’ १३ किलोंच्या पुढेमागे. मोटारसायकलवर दोन पायांच्या मधे धरून नेता येतील अशी ही वजनं आहेत.

मग हलक्या अ‍ॅम्पचा आवाज कोरडा, काचेसारखा लागतो अशी तक्रार का येते? दोष बहुधा क्लास डीला दिला जातो, पण कारण बहुतेक वेळा इतरत्र असतं. आधुनिक हलक्या कॅबिनेटांत वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर बसवलेला असतो आणि तो पंधरा-वीस किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. जुन्या कॅबिनेटांत तो नव्हताच. अंगठ्याने तार ठोकत वाजवणाऱ्याला ट्वीटरची चमक हवी असते. जुन्या गाण्यांना मात्र त्या चमकेने खरखर तेवढी येते. ट्वीटर बंद करण्याची किंवा कमी करण्याची सोय ज्या खोक्यात आहे, त्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला अर्धा प्रश्न नॉबांचा. मार्कबेसच्या अ‍ॅम्पवर ‘व्हीएलई’ आणि ‘व्हीपीएफ’ असे दोन शेजारी-शेजारी नॉब असतात. व्हीएलई फिरवत गेलं की वरचे सूर टप्प्याटप्प्याने कापले जातात आणि जुन्या कॅबिनेटची छाया येते. व्हीपीएफ मात्र उलट्या गावाचा आहे. तो ३८० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग खोदतो आणि खालचं-वरचं उचलतो. दुकानात एकट्याने वाजवताना व्हीपीएफ उघडा ठेवलेला आवाज फार भारदस्त वाटतो. ढोलकी, कीबोर्ड आणि गायक सुरू झाले की तोच खर्ज गायब होतो, कारण त्याला ऐकू आणणारा मधला भागच कापलेला असतो. वॉर्म हवा असेल तर व्हीएलई अर्ध्यावर आणि व्हीपीएफ शून्यावर ही चांगली सुरुवात. फेंडरच्या रंबलवर हेच काम ‘व्हिंटेज’ आणि ‘कॉन्टूर’ या बटणांत वाटलेलं आहे. पहिलं दाबून आणि दुसरं मोकळं ठेवून बघावं. टोन हॅमरवर ‘ड्राइव्ह’चा नॉब आहे. तो थोडा उघडला की व्हॉल्व्हसारखे दाब आणि भर दोन्ही येतात.

अ‍ॅम्पवर पैसे ओतण्याआधी तारांकडेही बघायला हवं. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत खर्ज वाजवणारे जेम्स जेमरसन क्लबांमध्ये बी-१५ वापरत. स्टुडिओत मात्र त्यांची गिटार बहुतेक वेळा थेट कन्सोलला जोडलेली असे, तरी आवाज तोच गोल. गिटार १९६२ ची प्रिसिजन, तारा सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, म्हणजे फ्लॅटवाउंड, आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या. नव्या कोऱ्या गोल गुंडाळीच्या तारा आणि उघडा ट्वीटर यांच्यासमोर कितीही महाग अ‍ॅम्प ठेवला तरी तो जेमरसनांच्या वाटेला जाणार नाही.

आता वॅट. जाहिरातीत हा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो आणि फसवतोही तोच. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. स्पीकरची संवेदनशीलता मात्र फुकटात मिळते. एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबल देणारं कॅबिनेट १०० वॅटमध्ये जेवढं वाजतं, तेवढंच वाजायला ९२ डेसिबलच्या कॅबिनेटला ४०० वॅट लागतात. शिवाय ‘५०० वॅट’ हा आकडा सहसा ४ ओहमचा असतो. टोन हॅमर ५०० ला ८ ओहमचं एकच कॅबिनेट जोडलं की त्यातून २५० वॅटच निघतात. ८ ओहमची दोन कॅबिनेटं जोडली की मिळून ४ ओहम होतात आणि तेव्हा कुठे पाचशे पुरे पडतात.

यामागे एक कडक नियमही आहे, केएलएच या स्पीकर कंपनीचे एक संस्थापक अँटन हॉफमन यांच्या नावाचा. छोटं खोकं, खोल खर्ज आणि मोठा आवाज, या तीनपैकी दोनच एका वेळी मिळतात. खोकं छोटं करून खोल खर्जही काढायचा तर कार्यक्षमता जाते आणि वॅट ओतावे लागतात. वॉर्म आवाज शोधणाऱ्याला या नियमातून एक सवलत आपोआप मिळते. ४१ हर्ट्झ पुरते काढण्याचा हट्ट त्याला धरायचाच नसतो. ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारं, ८० ते ३०० मध्ये ठाम असणारं बाराच्या एका किंवा दहाच्या दोन स्पीकरांचं खोकं त्याला पुरतं, आणि तेवढं दहा-पंधरा किलोंत बसतं.

बाकीचं काम एरवी साऊंडवाला करतो. नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह असो, कुसुम सभागृह असो की लातूरचं दयानंद सभागृह, श्रोत्यांपर्यंत आवाज पोचतो तो सभागृहाच्या किंवा भाड्याच्या साऊंड सिस्टिममधून. अ‍ॅम्पमागच्या डीआय सॉकेटमधून केबल मिक्सरला गेली की समोरचे टॉप आणि बेसचे स्पीकर खर्ज उचलतात. अ‍ॅम्प राहतो वादकाच्या आणि ढोलकीवाल्याच्या कानांसाठी. त्याला १०० ते २०० वॅट पुष्कळ झाले. डीआय नसलेला अ‍ॅम्प मराठवाड्यात घेऊच नये. अहुजाचे भोंगे किंवा भाषणाचे उभे कॉलम एवढाच सरंजाम असलेल्या गावात मात्र खर्ज डीआयमधून पाठवून काही हाती लागत नाही, कारण भोंगा दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली मुकाच असतो. अशा ठिकाणी स्वतःचा अ‍ॅम्पच श्रोत्यांपर्यंत पोचायला हवा आणि मग ३०० ते ५०० वॅट आणि दोन कॅबिनेटं यांचा विचार करावा लागतो.

गावचा मंच स्वतःही आवाजात हात घालतो. रिकाम्या पिंपांवर किंवा लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून मंच उभारतात. त्याच्या पोटातली पोकळी खर्जाने घुमायला लागते आणि काही सूर फुगून येतात, बाकीचे बसतात. मंडपाचं कापड आणि कनाती वरचे सूर शोषतात, खालचे आरपार जाऊ देतात. वॉर्म लावून आणलेला अ‍ॅम्प अशा ठिकाणी गिचमिड वाटतो. यावर बेसचा नॉब कमी करण्याआधी अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवून बघावा. फळ्यांशी संबंध तुटतो, स्पीकर कानाच्या उंचीला येतो आणि वादक कमी आवाजात स्वतःला ऐकू लागतो. दहा किलोंचा अ‍ॅम्प खुर्चीवर सहज चढवता येतो, साडेत्रेसष्ट किलोंचं कॅबिनेट नाही.

खोलीत हेच उलट होतं. लातूरच्या उद्योग भवन परिसरात शिकवणीसाठी राहणारा मुलगा रात्री हळू आवाजात वाजवतो तेव्हा त्याला खर्ज पातळ वाटतो. हळू आवाजात कानच खालच्या सुरांना मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. मुलगा बेसचा नॉब वाढवतो, आवाज छान भरतो. तीच जागा ठेवून तो गॅदरिंगला मंचावर मोठ्या आवाजात वाजवतो आणि सगळा हॉल घुमतो. खोलीची आणि मंचाची नॉबांची जागा वेगळी लागते, अ‍ॅम्प एकच असला तरी.

विजेचा घोळ तर बेसवाल्याच्या खास वाट्याचा. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर ‘जी’ येतो, ४९ हर्ट्झचा. अर्थिंग नसलेल्या मंडपात वायरींतून येणारी गुणगुण असते ५० हर्ट्झची. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला एक अशा लाटेने स्वर फुगतो आणि बसतो. मोकळ्या ‘जी’ तारेचे ९८ आणि गुणगुणीच्या दुप्पट आवर्तनांचे १०० असेच झगडतात, तिथे लाट सेकंदाला दोनदा येते. वादकाला वाटतं गिटार बेसूर आहे आणि तो खुंट्या पिळत बसतो. डीआयवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबलं की पुष्कळदा हा प्रश्न सुटतो. प्लगची अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय मात्र जिवावर बेतू शकतो. ज्यांचा भाचा अमेरिकेतून अ‍ॅम्प आणणार आहे त्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. तिथली वीज १२० व्होल्टची आणि इथली २३० ची. काही स्विच मोड अ‍ॅम्प दोन्हींवर चालतात, काही पहिल्याच कार्यक्रमात धूर काढतात. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तरच निर्धास्त राहता येतं.

नांदेड-लातूरच्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, तबला आणि कीबोर्ड यांची गर्दी जास्त. बेसचे चांगले अ‍ॅम्प बघायला मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं आणि नांदेडकरांना हैदराबाद मुंबईच्या निम्म्याच अंतरावर पडतं. तिथे जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःच्या तारा न्याव्यात. सगळे नॉब मधोमध ठेवावेत, ट्वीटर बंद करावा आणि आधी जाड तारेवर तिसऱ्या ते सातव्या पडद्यापर्यंत एकेक सूर सारख्या जोराने छेडावा. एखादा सूर ओरडतो आणि शेजारचा मरतो असं झालं तर खोकं नीट बेतलेलं नाही. नंतर चार पावलं मागे जाऊन मित्राला वाजवायला सांगावं, कारण खर्ज स्पीकरच्या तोंडाशी कळत नाही. शेवटी आवाज मंचाइतका वाढवून ऐकावा. छोट्या खोक्यांचा खोटेपणा तेवढ्या आवाजालाच उघडा पडतो.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. जुना क्लास एबी अ‍ॅम्प गावातला साऊंड सिस्टिम दुरुस्त करणारा माणूस ट्रान्झिस्टर बदलून चालू करतो. क्लास डीच्या पाटीवरचे भाग तांदळाच्या दाण्याहून लहान असतात आणि बिघाड झाला की अख्खी पाटीच बदलावी लागते. म्हणून कॉम्बोपेक्षा हेड आणि कॅबिनेट वेगळं असणं या भागात सोयीचं. बिघडलंच तर दोन किलोंचं हेड कुरिअरने जातं, कॅबिनेट घरी राहतं आणि तोवर उसन्या हेडवर काम भागतं.

कॅबिनेट तर इथेच बनू शकतं. डीजेचे बेस आणि टॉप बनवणाऱ्या सुतारांकडे प्लाय कापायचं कसब असतं. मात्र त्यांचा अठराचा खोका बेस गिटारला चालत नाही, कारण तो शंभर-दीडशे हर्ट्झच्या वर काही बोलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या गणिताने खोक्याचं आकारमान आता आधीच काढता येतं. स्पीकरच्या माहितीपत्रकातले एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरले की खोकं किती लिटरचं हवं आणि पोर्टची नळी किती लांब हवी ते समोर येतं. ते इंचांत करून सुताराला द्यायचं. १८ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय वापरायचा, पण आत समोरून मागे जाणारी एक आडवी पट्टी ठोकायला सांगायची, नाहीतर पातळ भिंती स्वतःच थरथरायला लागतात. हँडल वरच्या फळीवर, स्पीकरच्या बाजूला थोडं सरकवून बसवावं. चुंबकाचं वजन पुढे असतं, त्यामुळे हँडल मधोमध लावलं तर उचललेलं खोकं पुढे झुकून गुडघ्यावर आदळतं.